बेलभंडार कुणी उचलायचा

माझ्या सख्ख्या बहिणीच्या अर्जात मी 'अबला' हा शब्द लिहिला आणि तिने माझ्याच पेनाने तो खोडला.

मी अर्जनवीस आहे. कचेरीच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली माझे टेबल आहे आणि त्या टेबलाला आता पुष्कळ वर्षे झाली. माझे शिक्षण नववीपर्यंतचे, हे मी कधी लपवले नाही. परंतु काळा कोट घातलेले वकीलही "बाई, शेवटची ओळ तेवढी तुमच्या पद्धतीने करून द्या" म्हणून माझ्यापाशी थांबतात, हेही येथे नमूद केले पाहिजे. "अर्जदार ही एक अबला, निराधार व अज्ञान स्त्री असून" ही सुरुवात माझ्या हातची आहे. ती वाचली की साहेबाचा हात कागदावर क्षणभर थांबतो. बाईला न्याय हवा असेल तर आधी तिची कीव यावी लागते, एवढे शहाणपण मी त्या झाडाखाली कमावले होते. माझ्या बहिणीने ते एका रेघेत खोडले.

"अज्ञान कोण गं, अक्का?" ती म्हणाली. "बारावीपर्यंत तूच शिकवलंस ना मला?"

हे खरे होते. आई गेली तेव्हा ती एवढीशी होती. मी शाळा सोडली आणि तिची वेणी घालायला शिकले. तिच्या शाळेच्या दाखल्यापासून लग्नाच्या याद्यांपर्यंत प्रत्येक कागद माझ्या अक्षरात आहे.

तिला पिशोरच्या पुढच्या एका वस्तीवर दिले होते. घर शेतीचे, खाऊनपिऊन बरे. पुढे तिच्या जावेचे पोट दोनदा रिकामे झाले. त्यानंतर त्या घरात दोरीवरची वाळत घातलेली कापडे पेटू लागली, पिठाच्या डब्यात कुंकू निघू लागले. गावाने त्याला भानामती म्हटले. बोलावलेल्या देवऋष्याने करणी घरातलीच आहे असे सांगितले आणि घरातल्या सगळ्या माना माझ्या बहिणीकडे वळल्या. ती उलट बोलायची. आईकडून ऐकलेले दोन-चार पाल्यांचे काढे शेजारणींना द्यायची. चेटकीण ठरायला एवढे पुरेसे झाले. तिचा नवरा टेम्पोवर ड्रायव्हर आहे. "मी मधी पडत नाय," असे म्हणून त्याने तिला शहरात, उस्मानपुऱ्यातल्या माझ्या दोन खोल्यांच्या दारात सोडले आणि टेम्पो वळवला.

मुलगी मात्र त्यांनी ठेवून घेतली. दुसरीत शिकणारी. निरोप आला तो असा: तिने खंडोबाच्या देवळात चार लोकांसमोर बेलभंडार उचलावा, मी चेटकीण नाही अशी शपथ घ्यावी, मग मुलीचे बघू. बेलाचे पान आणि देवाची हळद हातात घेऊन केलेली ही शपथ आमच्याकडे कोर्टातल्या शपथेपेक्षा मोठी मानतात. ती खोटी घेतली तर घर बसते, पोटच्या मुलांवर येते, असा समज आहे.

माझे मत स्पष्ट होते. उचलावा आणि मोकळे व्हावे. ती चेटकीण नव्हती, मग शपथ घ्यायला अडचण कोणती? निरनिराळ्या कार्यालयांत मी माझ्याच सहीने अर्ज टाकले होते आणि ते विचाराधीन होते. जोडीला मी एक तडजोडनामा तयार केला. तो माझ्या उत्तम कामांपैकी एक आहे असे मी आजही म्हणते.

बहीण तिच्या नावाच्या अर्जावरही सही करीना आणि तडजोडीलाही हो म्हणेना, याचे कारण आमच्याच गल्लीत राहत होते.

त्या बाई बँकेतून निवृत्त झालेल्या. वडील भिक्षुकी करायचे. घरातले कोनाडे अजून तांब्याच्या भांड्यांनी भरलेले. केस बारीक कापलेले, पांढरेशुभ्र. बोलणे असे की वाक्याचा शेवट कधी गळत नाही. मी एक वाक्य नीट उभे करायला जी मेहनत करते ती त्यांना करावीच लागत नव्हती, आणि माझ्या मनात पहिला काटा तिथे रुतला. मंगळवारी दुपारी त्यांच्या गच्चीवर बायका जमत. सोडलेल्या, विधवा, नांदत्या, कॉलेजातल्याही दोघी-तिघी. इतर बायका जशा "आमची भिशी" म्हणतात तसे त्या "आमचं चेटूक" म्हणत आणि स्वतःला बिनदिक्कत चेटकिणी म्हणवून घेत.

बहीण तिथे पहिल्यांदा गेली ती कडुनिंबाचा पाला मागायला. मग दर मंगळवारी जाऊ लागली. घरी आली की तिच्या कपाळावर हळद असे आणि चेहऱ्यावर असे काही, जे मी तिला कधी दिले नव्हते.

एका मंगळवारी मी टेबल लवकर आवरले आणि तिला बोलवायच्या निमित्ताने तो जिना चढले. गच्चीच्या दारातच थांबले. मूर्ती नव्हती, फोटो नव्हता. मधोमध पाण्याचा हंडा, त्यात कडुनिंबाची डहाळी. भोवती बायका केस मोकळे सोडून बसलेल्या. एकीने दुसरीला कुंकू लावायचे, तिने तिसरीला; कुणाचा नवरा आहे आणि कुणाचा नाही हे कुणी पाहत नव्हते. मग प्रत्येकीने आपल्याकडून काय घेतले गेले ते सांगायचे, डहाळीने पाणी शिंपडायचे आणि म्हणायचे, "परत घेतलं." एक म्हणाली, माझं नाव. एक म्हातारी म्हणाली, माझी दुपारची झोप, आणि सगळ्या हसल्या. माझ्या टेबलाशी बायका रडतात. इतक्या वर्षांत कुणी हसल्याचे मला आठवत नाही.

माझी बहीण त्या बाईंच्या पुढ्यात बसली होती. मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले, आणि त्या तिच्या केसांना तेल लावीत होत्या. ते केस मी विंचरलेले आहेत. त्यातल्या उवा मी काढलेल्या आहेत. प्रतिवादी पक्षाविषयी लिहिताना मी नेहमी "गैरअर्जदार हे मत्सरापोटी" असे शब्द वापरते; बहुधा खरेच असतात. त्या दारात उभी असताना ते शब्द मला स्वतःच्या तोंडात आंबट लागले.

"या ना, आत या," बाई म्हणाल्या.

"बसायला वेळ नाही. एक विचारायचं होतं. ज्या शब्दावरून हिचं लेकरू गेलं, तोच शब्द तुम्ही हिच्या कपाळाला लावता. उद्या कुणी तक्रार केली तर? जादूटोण्याचा कायदा आहे."

"आहे ना, आणि चांगला आहे. आम्ही कुणाला ताईत देत नाही, कुणावर काही उतरवत नाही, पैसे घेत नाही." त्यांचे हात थांबले नव्हते. "जी औषधं जाणायची, जी नाही म्हणायची, जिच्या नावावर वावर असायचं, तिलाच चेटकीण म्हणत आले लोक. या शब्दाची भीती घालून बायकांना गप्प बसवतात. आम्ही ती भीती काढून घेतो, एवढंच."

"आणि देव?"

"पुरुषांनी मधे न बसवता भेटला तर आमची हरकत नाही," त्या म्हणाल्या. म्हातारी पुन्हा हसली.

मी जिना उतरले. उत्तर घरी जाताना सुचले. परंतु तेव्हा समोर बहीण होती आणि तिच्या केसांना दुसऱ्याच्या तेलाचा वास येत होता. मी म्हणाले, "तुला माझ्यापेक्षा ती जवळची झाली."

"तसं नाय, अक्का."

"मग कसं?"

तिने मोकळ्या केसांची गाठ मारली. मग म्हणाली, "तुझ्यापाशी आलं की मला बिचारी व्हावं लागतं. तिथं नाय व्हावं लागत."

मी पाणी तापवले आणि तिला केस धुवायला सांगितले.

वस्तीवर जायचे तिने ठरवले तेव्हा मी सोबत निघाले. बाई आणि गच्चीवरच्या तिघीही निघाल्या. भाड्याच्या जीपमध्ये बहीण बाईंशेजारी बसली. मी मागे, मांडीवर कागदांची पिशवी घेऊन. फुलंब्रीला चहाला थांबलो तेव्हा मी तडजोडनामा तिच्या हातात दिला. तिने उभ्या उभ्या सगळा वाचला.

"'यापुढे मी असे वर्तन करणार नाही.' अक्का, असं म्हंजे कसं? मी काय केलं ते कुठं लिहिलंय यात?"

"ते लिहायचं नसतं. मोघम ठेवायचं. त्यांचा मान राहतो आणि पोरगी मिळते."

"अन् माझा?"

बाई दूर पाठमोऱ्या चहा पीत होत्या. त्या मधे पडल्या नाहीत. पडल्या असत्या तर मला बरे वाटले असते. निदान हे त्यांचे शब्द आहेत असे मला म्हणता आले असते.

"उचलशील ना पण?" मी विचारले.

"बघू," असे म्हणून तिने कागद घडी घालून परत केला.

देवळापुढे लोक आधीच जमले होते. सासरे पारावर, दीर खांबाला टेकून, जाऊ पदर तोंडाशी धरून. नवरा लांब टेम्पोपाशी उभा. पितळी ताटात बेल आणि भंडारा ठेवलेला. मुलगी आजीमागे होती. आईला पाहून पुढे आली तर आजीने तिचे मनगट धरले.

"लई पलटण आणलीस शहरातून," सासू म्हणाली.

"पाव्हण्या हायेत, आत्याबाई. चहा नगं, पाणी द्या."

कुणीतरी तोंड लपवून हसले. सासरे खाकरले. "हे बघ, वाढवायचं नाय. उचल बेलभंडार, मी चेटकीण नाय म्हण, अन् विषय संपला. पोरीचं मग बघू."

मी पिशवीत हात घातला. त्या क्षणी माझी खात्री होती की ती उचलणार आणि मग माझा कागद पुढे येणार, सह्या होणार आणि परतीच्या वाटेवर ती माझ्याशेजारी बसणार.

ती ताटापाशी गेली. पदर नीट केला. बेल-भंडाऱ्याला हात न लावता तिने ते ताटच उचलले आणि सासूसमोर धरले.

"आत्याबाई, मी चेटकीण हाय असं तुमी म्हणता. मी तर कायीच म्हणत नाय. मग तुमी उचला. माझ्या सुनंनं करणी केली, मी डोळ्यानं बघितली, असं म्हणा. मी पोरीला हात लावणार नाय, आल्या वाटंनं जाईन."

ही सासू देवभोळी. भंडारा सांडला तर ती जमिनीवरून बोटाने टिपून कपाळाला लावते, हे मी लग्नात पाहिले होते. तिचा हात पुढे आला, ताटाच्या काठापर्यंत आला. मग तिने आपल्या मुलांकडे पाहिले, थोरल्याकडे आणि टेम्पोपाशी उभ्या असलेल्याकडे, आणि तो हात लुगड्याला पुसला.

"मी कुठं बघितलं? लोक म्हणत्यात म्हणून म्हणलं."

"मामंजी, तुमी?"

सासऱ्यांनी पागोट्याशी चाळा केला. "बायकांच्या भानगडीत मला नगं वढू."

ताट दिरासमोर गेले. तो मंदिराच्या मागे निघून गेला. जावेसमोर आले तेव्हा ती रडायला लागली. तिला मात्र माझ्या बहिणीने काही विचारले नाही. ताट खाली ठेवले, चिमूटभर भंडारा स्वतःला लावला, चिमूटभर जावेला लावला.

"चल गं," ती मुलीला म्हणाली. "दप्तर आण."

आजीच्या हातातून तिचे मनगट कधी सुटले ते मला दिसले नाही. टेम्पोपाशी उभा असलेला माणूस दोन पावले पुढे आला आणि थांबला. या वेळीही तो मधे पडला नाही.

जी शपथ मागतात ती मागणाऱ्यालाच घ्यायला सांगावी, ही गोष्ट मला का सुचली नाही, हे मी अद्याप स्वतःला विचारते. आरोप करणाऱ्याने शाबीत करावे, हे मी वकिलांच्या तोंडून इतक्यांदा ऐकले आहे. परंतु माझे सगळे कौशल्य आम्ही निर्दोष आहोत हे रडून सांगण्यात गेलेले होते. जीपमध्ये बसण्याआधी मी तिला बाजूला घेतले.

"हे तुला त्यांनी शिकवलं?"

"कुणी नाय शिकवलं. ताट बघितलं अन् मला वाटलं, मीच का?"

त्या बाईंनी शिकवले असते तर मी त्यांचा राग केला असता, आणि रागाला निदान पत्ता असतो. आता तो कुणाकडे पाठवावा हे मला कळेना. त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी होते. त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "आम्हांलाही नसतं सुचलं गं." त्या मोठ्या मनाने हे बोलू शकत होत्या. मला त्याचाही हेवा वाटला.

मुलगी आईच्या मांडीवर बसली होती. फुलंब्री येईपर्यंत ती दप्तराचा बंद पिळत होती. मग म्हणाली, "आये, तू चेटकीण हाय का?"



"मंगळवारी असते," बहीण म्हणाली. "बाकीचे दिवस धुणंभांडी असतंय."

सगळ्या हसल्या, ड्रायव्हरसुद्धा हसला. मुलीने बाईंकडे बोट केले. "अन् ह्या?"

"मी केव्हाचीच," बाई म्हणाल्या. "माझी आजीसुद्धा होती. घरच्यांनी सांगितलं नाही कधी, एवढंच."

मुलीने डोळे मोठे केले आणि मान वळवून मागे माझ्याकडे पाहिले. "मावशे, तू बी?"

बहिणीनेही मागे वळून पाहिले. तिच्या चेहऱ्यावर वाट पाहणे होते, आणि मला एका शब्दाचे उत्तर द्यायचे होते. तो शब्द माझ्या जिभेवर आलाही होता.

"मी अर्ज लिहिते," मी म्हणाले.

"अर्ज म्हंजे?"

"माणसावर अन्याय झाला, म्हणजे त्याने तो सक्षम अधिकाऱ्यापुढे योग्य शब्दांत आणि योग्य मार्गाने..."

एवढे होईपर्यंत मुलगी आईच्या मांडीवरून उतरून बाईंच्या पुढ्यात सरकली होती आणि त्यांच्या बारीक कापलेल्या केसांवरून हात फिरवून पाहत होती. मी वाक्य पूर्ण केले.