टोचनची कडी

माझा मामा बंद पडलेल्या गाड्या ओढून नेतो. या धंद्याला टोचन म्हणतात, म्हणून मामालाही सगळे टोचनमामाच म्हणतात. सव्वीस वर्षांत त्याने इतक्या आलिशान गाड्या ओढल्यात की कुणी आपल्या गाडीची किंमत सांगितली, तर तो सहानुभूतीने मान हलवतो.

गाडी पारखायची त्याची एकच रीत. पुढे वाकून टोचनची कडी, म्हणजे ओढायची साखळी जिच्यात अडकवतात ती, बघायची. "साध्या गाडीची कडी समोर असते. आपण कधीतरी बंद पडणार, हे ती लपवत नाही. महागडीची कडी डिकीत, गालिच्याखाली, पिशवीत. तिथेच काय ते समजायचं." कंपन्यांना हे पटणार नाही. मामाने त्यांना विचारलेलंही नाही.

मामीचा एक डोळा लहानपणीच गेलेला आणि दुसऱ्यात मोतीबिंदू वाढलेला. बाहेरगावचे डॉक्टर साडेआठला ऑपरेशन करणार होते. वेळ चुकली तर पुढची तारीख तीन महिन्यांनी, तोवर भिंती चाचपडत राहायचं. मामाच्या टोचनच्या ट्रकची पायरी उंच, महिन्यापूर्वी मामी तिच्यावरून पडलीही होती. तेव्हा मामाच्या साडूने, म्हणजे मामीच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने, आपली नवीकोरी आलिशान गाडी पुढे केली. नाही कुठल्या तोंडाने म्हणणार?

"काचा लावल्या की बाहेरचा आवाज म्हणून आत येत नाही, दादा," सकाळी दारातच साडूने सुरुवात केली.

"वा," मामा म्हणाला आणि मामीची पिशवी ठेवायच्या निमित्ताने डिकीपाशी बराच वेळ रेंगाळला.

"बसा ना तुम्हीही."

"तुम्ही व्हा पुढे. मला जरा काम आहे."

काम म्हणजे त्या गाडीच्या मागोमाग जाणं. मी कचेरीत रजा टाकली होती, मामाशेजारी ट्रकमध्ये बसलो. पुलाच्या चढावर साडूची गाडी थांबली. आम्ही पोचलो तेव्हा तो समोरच्या पडद्यावरची सूचना वाचत होता: विक्रेत्याशी संपर्क साधा. आठला पाच मिनिटं कमी होती. विक्रेता दहाला शटर उघडतो.

मला साडूचा असा राग आला होता! मामाला राग यायला वेळ नव्हता. तो साखळी घेऊन उतरला.

"अहो, हिला टोचन लागतच नाही," साडू काकुळतीला आला. "कडीच नाहीये हिला. शोरूमवाला म्हणाला, गरजच पडत नाही!"

मामाने स्वतःच्या खिशातून कडी काढली, बंपरवरचं इवलंसं झाकण उघडलं आणि ती पिळून बसवली. साडूने आधी कडीकडे पाहिलं, मग मामाच्या खिशाकडे. मग गुपचूप स्टिअरिंगवर जाऊन बसला. मामी मागे मऊ सीटवर होती तशीच बसून होती.

आठ वीसला आम्ही दवाखान्यात पोचलो. "गॅरेज पलीकडच्या गल्लीत," फाटकावरच्या पहारेकऱ्याने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. मामीने आधी मामाला नीट न्याहाळलं, मग आम्हाला.

"ताई, पुलावर गाडी बंद पडली तरी तुम्ही जराही घाबरला नाहीत," साडू ओशाळून म्हणाला.

"घाबरायचं काय त्यात? घरापासून यांचा ट्रक मागे खडखडत होता की. ऐकू येत होतं मला."

मामा खिडकीबाहेर बघू लागला. तिकडे बघतच साडूला म्हणाला, "काचाही दाखवून घ्या मग."