मी विमानं बघायला गेले होते

रायपुरातला तेलीबांधा चौक मागे पडल्यावर आईनं सांगितलं. तोवर मला एवढंच माहीत होतं की आई, मावशी आणि मी नवा रायपूरच्या तलावावर लढाऊ विमानांच्या कसरती बघायला चाललो आहोत.

"नागपूरचे लोकं पण येऊन राहिले," आई खिडकीबाहेर बघत म्हणाली. "मुलगा अन् त्याची आई. सहज भेट होईल."

"घरी पोह्यांची प्लेट घेऊन येणं तुले नको," मावशी मागच्या सीटवरून म्हणाली. "मंग उघड्यावर पाहू दे ना बाई. अन् तिथं तरी मराठीत बोलजो, हिंदीवाली."

घरी बघायला येणाऱ्यांना मी आधी दोनदा नकार दिला होता. लग्नाला माझी ना नाही. कुणासमोर उभं राहून तपासून घ्यायला आहे. गाडी मीच चालवत होते, वळवून समता कॉलनीत घरी परत आणता आली असती. पण मग विमानं हुकली असती, आणि ते मला मंजूर नव्हतं.

मराठी मला सगळी कळते. पण शाळा इंग्रजी, रस्ता हिंदी, त्यामुळे तोंडातून उत्तर हिंदीतच निघतं. म्हणून मराठी लोकांत मी गप्प असते आणि त्यांना ते शालीन वाटतं. मी लाजाळू आहे, हे खरं. पण लाजणं वेगळं आणि मान खाली घालणं वेगळं, हा फरक आमच्या नात्यात कुणाला दिसत नाही.

आदल्या दिवशी ऑफिसच्या गच्चीवरून मी सराव पाहिला होता. विमान आवाजाच्या जागी कधीच नसतं, पुढे निघून गेलेलं असतं, हे तेव्हाच कळलं. आणि सगळे समोर बघत असताना एक विमान गर्दीच्या पाठीमागून खाली येतं, हेही.

तलावाच्या काठी पाय ठेवायला जागा नव्हती. तरी त्यांनी आम्हाला शोधलं. मुलानं नमस्कार करून मोबाइल वर धरला. त्याच्या आईनं मला चपलेपासून केसांपर्यंत पाहिलं. तेवढ्यात लाल-पांढरी नऊ विमानं एकमेकांना चिकटल्यासारखी पाण्यावरून आली. मी मान वर केली, आणि ठरवलं की शेवटचं विमान जाईपर्यंत ती खाली आणायची नाही.

"स्वैपाक येते का तुले?" त्या म्हणाल्या.

डोक्यावरून गर्जना गेली.

"जी?" मी वर बघतच म्हटलं.

"स्वैपाक, स्वैपाक."

पुन्हा गर्जना. इतकं बरोबर वेळेवर मला कुणीच कधी वाचवलं नव्हतं.

मग दोन विमानांनी धुरानं आकाशात बदाम काढला. मावशीनं मुलाला कोपर मारलं. "पाहा, तुमच्यासाठीच काढून राहिले." तो हसला आणि मला विचारलं, "आपको एविएशन में इंटरेस्ट है?"

"अभी देख रही हूँ," मी म्हटलं.

ताफा फुटून डावीकडे वळला. हजारो माना डावीकडे गेल्या. मुलाची आई नेमकी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "इकडे पाह्य ना जरा, बेटा."

मी पाठ फिरवली.

"काहून पाठ फिरवली?" मावशीनं दंडाला चिमटा काढला. मी हललेही नाही. मागच्या शेतांवर एक ठिपका होता. तो आवाज न करता मोठा होत गेला, त्याला पंख फुटले, आणि पोटाचा लाल रंग माझ्या डोक्यावरून सरकला. मग आवाज आला. लोक वाकले, मुलाचा मोबाइल पडला, मावशी आईच्या खांद्याला लटकली. ते विमान येताना आमच्यापैकी फक्त मी पाहिलं होतं.

दोन दिवसांनी मावशीचा फोन आला. आईनं स्पीकर लावला.

"त्या म्हणून राहिल्या, पोरगी बरी वाटली. पण चेहरा काही दिसला नाही. आधी नुसती हनुवटी, मंग नुसती पाठ. रविवारी घरी येतो म्हणतात. नीट पाहू म्हणतात."

आईनं माझ्याकडे पाहिलं. कोणते कप काढायचे, हे तिच्या मनात सुरू झालेलं मला दिसत होतं. मी तिच्या हातातून फोन घेतला.

"मावशी, नका येऊ म्हणा त्यांना. मले पाहाले कोणी घरी नाही यायचं. या रविवारी नाही, नंतरही नाही. कोणाले माझ्याशी बोलायचं असेल तर बोलावं. पाहाले म्हणून नाही."



"अवं, तू तर मराठीत बोलून राहिली," मावशी म्हणाली.

"हव," मी म्हटलं. "समजलं ना पण?"