पहिल्या स्लिपमधले साडू

प्रेम आणि मरण या दोन गोष्टींना आकडा लावता येत नाही, असं ज्या कोणी म्हटलं असेल त्याची आमच्या साडूंशी ओळख नव्हती. मरणाला आकडा लावणं हा तर त्यांचा पोटापाण्याचा धंदाच होता. लंडनमधल्या एका विमा कंपनीत बसून, कोणता माणूस साधारण कधी जाईल याचा हिशेब ते वर्षानुवर्षं करत आले होते, आणि त्यामुळे नव्या माणसाकडे बघायची त्यांची एक खास रीत होती. आधी पोट, मग जिना चढल्यावरचा श्वास, मग हातातला कितवा वडा. आमची पहिली भेट झाली तेव्हा मला आपादमस्तक न्याहाळून ते माझ्या बायकोला म्हणाले, "बरा आहे. टिकेल." सासरी माझं झालेलं हे पहिलं आणि बहुधा शेवटचं कौतुक. प्रेमाचं काम त्यांनी घरी चालवलं होतं. माझी थोरली मेहुणी, म्हणजे आमच्या ताई, त्यांना हाक मारायच्या ती 'अहो' अशी. आणि त्या 'अहो'च्या लांबीवरून पुढे काय येणार हे साडू अचूक सांगायचे. आखूड 'अहो' म्हणजे चहा. मध्यम म्हणजे कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा राहिला. आणि 'हो' जर जिन्याच्या खालच्या पायरीपासून वरच्या पायरीपर्यंत पुरला, तर भारतातून कोणीतरी राहायला येतंय.

हॅरोमधल्या त्यांच्या घरी गेलं की आपणही नकळत आकडा होऊन जायचो. मराठी माणूस पहिल्यांदा 'निघतो' म्हणाल्यापासून खरोखर निघेपर्यंत किती वेळ जातो, याचा त्यांनी असा काही अभ्यास केला होता की पाहुण्याने बूट घातल्यावर ते शांतपणे चहाचं आधण ठेवायचे. दारातल्या गप्पांमध्ये तो चहा हमखास लागायचा. मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनचा दरवाजा फलाटावर नेमका कुठे येतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते उभे राहायचे आणि दार त्यांच्या नाकासमोर उघडायचं. असं म्हणतात की त्यांच्यामागे उभं राहायला मिळावं म्हणून एक गोरे गृहस्थ पिनरचं राहतं घर विकून हॅरोत आले. हे मला खुद्द साडूंनीच सांगितलं, म्हणजे आकडा तपासलेला असणार.

पण त्यांचा खरा जीव आमच्या क्रिकेट क्लबात होता. क्लब म्हणजे काय, तर शनिवारी हॅरो कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, मैदानावर जमणारी पुण्या-मुंबई-नागपूरची अकरा माणसं, कधी दहा. इंग्रज संघ चहाला काकडीची सँडविचेस ठेवायचे. आम्ही ताईंचे बटाटेवडे ठेवायचो, आणि त्यामुळे चहानंतर समोरचा संघ जरा जड धावायचा. साडू पन्नाशी ओलांडलेले, संघात सर्वांत वडील. पहिली स्लिप हे त्यांचं वतन होतं. बॅटची कड घेऊन उडालेला चेंडू विकेटकीपरच्या शेजारी टिपायचा, हे काम ते पुण्यातल्या कॉलेजापासून करत आले होते. कॅप्टन बदलले, पंतप्रधान बदलले, पहिल्या स्लिपमध्ये साडूच.

आमचा हुकमी एक्का होता नागपूरचा प्रफुल्ल. सॉफ्टवेअरवाला, हाउन्सलोत एका खोलीत एकटा राहणारा. त्याचा चेंडू शेवटच्या क्षणी असा बाहेर वळायचा की बॅट त्याला कडेने नमस्कार केल्याशिवाय राहायची नाही. आदल्या उन्हाळ्यात त्याने इतके बळी घेतले की समोरचे लोक पॅड बांधतानाच घरी फोन करून 'येतोच' म्हणून सांगायचे. आणि या उन्हाळ्यात काही नाही. शनिवारमागून शनिवार कोरडे. संघात निदानांचा पूर आला. कोणी म्हणालं खांदा गेला, कोणी म्हणालं त्याचं लग्न ठरतंय, कोणी म्हणालं दृष्ट लागली. कॅप्टन मिलिंद शेवटच्या सामन्यातून त्याला वगळायच्या बेतात होता. तो सामना इल्फर्डच्या संघाशी होता आणि हरलो तर आम्ही खालच्या विभागात घसरणार होतो. प्रफुल्ल तर त्याच्याही पुढे गेला होता. "मी खेळणं थांबवतोच न यार," तो मला गाडीत म्हणाला, "हाउन्सलोहून दोन बसा बदलून तुम्हाला हरवायलाच येतो का मी?" या देशात त्या पोराला शनिवारशिवाय दुसरं काही नव्हतं.

"मतं नकोत," साडू म्हणाले. "डेटा द्या."

त्यांच्या ऑफिसात एक अमेरिकन होता, बेसबॉलने झपाटलेला. कँटीनमध्ये केचपच्या पुड्या मांडून त्याने साडूंना तो खेळ शिकवला होता, आणि साडूंचं मत असं की चेंडू टप्पा न घेता फेकणं हा असंस्कृतपणा आहे, पण हिशेब मात्र त्या लोकांनी करावा. "तिकडे पिचर म्हणजे आपला बोलर," ते मला समजावत होते. "त्याचे दिवस फिरले की ते लोक लिंबू-मिरची शोधत नाहीत. आकडे काढतात. आणि पुष्कळदा निघतं काय, तर पिचर होता तसाच आहे. नुसता मागे उभ्या असलेल्यांच्या हाताला चेंडू लागत नाही."

झालं. साडूंनी एक्सेल उघडलं. गेल्या वर्षीच्या प्रत्येक चेंडूची त्यांची वही होतीच, ती आधी भरली. प्रत्येक चेंडूनंतर स्लिपमधून बोटं वर करून खुणा करायचे आणि मी बाहेर बसून टिपायचो: टप्पा कुठे, वळला किती, कड लागली का. कॅच सुटला की चहाच्या वेळी सगळ्यांना विचारायचे, किती अवघड होता? दहापैकी मार्क द्या. आणि इथेच घोळ झाला. कारण आमच्या संघात वडील माणसाच्या हातून कॅच सुटला की काय म्हणायचं हे कोणी शिकवलं नव्हतं, पण सगळ्यांना येत होतं. "कठीणच होता, काका!" मिलिंद ओरडायचा. "वारा होता!" पॉइंटवरून यायचं. आणि ज्याचा बळी हुकला तो प्रफुल्ल सर्वांत आधी म्हणायचा, "दुसऱ्या कोणाचा हातही लागला नसता जी, काका." मार्क दहापैकी दहा. साडूही ते प्रामाणिकपणे भरून घ्यायचे.

शेवटच्या सामन्याच्या आधी गुरुवारी साडूंनी मिलिंद, प्रफुल्ल आणि मला घरी बोलावलं. लॅपटॉप तयार होता. प्रफुल्ल सोफ्याच्या अगदी कडेला, निकाल ऐकायला आल्यासारखा बसला होता.

"प्रफुल्लचा टप्पा तोच आहे," साडू म्हणाले. "वळण तेच. कडही गेल्या वर्षीइतकीच लागतेय. म्हणजे बोलर ठणठणीत. मग सुटतंय कुठे? कॅचमध्ये. आणि सुटलेला प्रत्येक कॅच दहापैकी दहा अवघड. हे मार्क तुमचेच." त्यांनी चष्मा वर सरकवला. "आता मला सांगा, पॉइंटला कधी अवघड कॅच येत नाही. गलीला येत नाही. या इंग्लंडमधले सगळे अवघड कॅच एकाच माणसाकडे कसे येतात?"

मिलिंदने छताकडे पाहिलं. छत नव्याने रंगवलेलं होतं, त्यामुळे मीही पाहिलं.

"डोळ्यावर ऊन होतं न जी, काका," प्रफुल्ल पुटपुटला.

"हॅरोत? ऊन?" साडू म्हणाले. "उन्हाचाही रकाना आहे माझ्याकडे. रिकामा आहे." मग त्यांनी लॅपटॉप मिटला. "हा नवा चष्मा एप्रिलमध्ये आला. एकाच काचेत जवळचं आणि लांबचं. वाकलं की चेंडू दोन काचांच्या मध्ये कुठेतरी हरवतो. घसरणही एप्रिलपासूनची. मिलिंद, शनिवारी पहिल्या स्लिपमध्ये तू उभा राहा."

"काका, पण तुम्ही..."

"आकडे लिहायला बाहेर कोणीतरी लागेलच की. हा लिहितो ते वाचता येत नाही." 'हा' म्हणजे मी.

दारात ताई उभ्या होत्या. "अहो," त्या म्हणाल्या. चहाचा नव्हता तो, कचऱ्याचा नव्हता, पाहुण्यांचाही नव्हता. साडूंनी वळून पाहिलं, पण पुढे काय येणार हे त्यांना ओळखता आलं नाही. पुढे काही आलंच नाही.

शनिवारी ते माझ्या शेजारी खुर्ची टाकून बसले, गुडघ्यांवर ताईंची शाल, मांडीवर स्कोअरबुक. प्रफुल्ल धावत आला. चेंडू शेवटी वळला, कड लागल्याचा बारीक आवाज आमच्यापर्यंत पोचला, आणि मी मैदानाकडे बघायचं सोडून शेजारी पाहिलं. साडूंचे दोन्ही हात वर आले होते, ओंजळ करून, छातीच्या किंचित डावीकडे. पेन्सिल खाली पडली होती. तिकडे मिलिंदने कॅच घेतला, आरडाओरडा झाला, आणि मग ते हात हळूहळू शालीवर खाली आले. मी पेन्सिल उचलून दिली. त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, झेल मिलिंद, गोलंदाज प्रफुल्ल.

ओव्हर संपल्यावर प्रफुल्ल सीमारेषेवर, आमच्या खुर्च्यांपाशी फील्डिंगला येऊन उभा राहिला. तोंडभर हसत होता. कित्येक महिन्यांनी.

"किती अवघड होता रे?" साडूंनी विचारलं. "दहापैकी?"

प्रफुल्लने बूट गवतावर घासला. "एकदम सोपा होता जी, काका. तुम्ही तर डोळे मिटूनही घेतला असता."

"खोटं बोलू नकोस," साडू म्हणाले. "डेटा बिघडतो."

पण त्यांनी चष्मा काढला, शालीच्या टोकाने पुसायला घेतला, आणि पुसून झाला तरी बराच वेळ डोळ्यांवर चढवला नाही. चष्म्याशिवाय त्यांना खेळपट्टीसुद्धा दिसत नसे. तरी ते बघत होते, अगदी नेमके तिकडे, विकेटकीपरच्या शेजारी.