आबांच्या चंचीतले सेल

आमच्या घरात देवाच्या फळीशेजारी एक प्लग आहे. इन्व्हर्टरची लाईन फक्त त्या एका प्लगला दिलेली, कारण लाईट गेली तरी देवापुढचा लाल बल्ब विझता कामा नये, हा आईचा हट्ट. मुळशीत लाईट पावसात जाते, वाऱ्यात जाते आणि काहीच नसलं तरी जाते. त्यामुळे घरातलं जे जे म्हणून चार्ज होतं ते देवापाशी येऊन बसतं. वातींचा पुडा, कापराची डबी, तेलाची बुधली, आणि त्यांच्या मधोमध आबांचा चार्जर. आबा म्हणजे माझे वडील. पहाटे धरणाच्या पाण्यात जाळं लावायला जाताना ते कपाळाला पट्ट्याची बॅटरी बांधतात. तिच्यात बोटाएवढा जाड सेल असतो आणि तो रात्रभर देवाच्या पायाशी चार्ज होत असायचा.

मी बी.एस्सी. फिजिक्स, बी.एड. आहे. पौडला शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, हे मी सांगते आणि सांगताना मान खाली घालत नाही. तर मी आबांना किती वेळा म्हटलं असेल, "आबा, हा सेल कापसाशेजारी नका ठेवू. फरशीवर ठेवा, उघड्यावर. भरला की काढा. झोपताना लावून ठेवायचा नाही. ह्यो चार्जर स्वस्तातला हाय, त्याला कळत न्हाई कवा थांबायचं."

"व्हय व्हय," म्हणायचे आणि कूस बदलायचे.

मग वरच्या खोलीत भाडेकरू आला. पुण्यातला, लॅपटॉपवर काम करणारा, वय माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी कमी. कंपनीनं घरून काम करायला सांगितलं, तर म्हणे पाण्याजवळ राहू या. सामान काय, तर एक बॅग, एक गिटार आणि एक यंत्र. ते यंत्र तोंडात धरून तो गॅलरीत उभा राहायचा आणि नाकातोंडातून ढगासारखी वाफ सोडायचा. हापूस आंब्याचा वास यायचा. ती ई-सिगारेट आहे हे मला पहिल्याच दिवशी कळलं. आपल्याकडे विकायलाही बंदी आहे त्याला. पण आईनं खालून पाहिलं आणि हळहळली.

"सर्दी मोडंना बघ त्येची. सारखा वाफारा घेतोय बिचारा."

दुसऱ्या दिवसापासून त्याला वर तुळशी-आल्याचा काढा सुरू झाला. मला दहावीला ताप भरला होता तेव्हा मिळाला होता, त्यानंतर आत्ताच घरात काढा पाहिला मी.

खरा त्रास पुढं झाला. त्याच्या त्या यंत्रात दोन सेल बसायचे आणि ते नेमके आबांच्या बॅटरीतल्या सेलच्या मापाचे निघाले. यंत्राला दमदार सेल लागतात. जरा मंदावले की तो बदलायचा आणि उतरलेले आबांना द्यायचा. "काका, टॉर्चला अजून वर्षभर चालतील." आबांनी तो पहिला सेल मला असा दाखवला जसं काही पोरानं पहिल्या पगारातून आणलंय. माझ्या पहिल्या पगारातून मी आणलेली शाल अजून पिशवीतून बाहेर आलेली नाही.

"वरचं प्लास्टिक फाटलंय ह्याचं," मी म्हणाले. "टोकापाशी बघा."

"तेवढ्यानं काय हुतंय?"

सांगितलं काय होतं ते. त्या सेलचं अख्खं अंग म्हणजे एक टोक, आणि वरची छोटी बोंडी म्हणजे दुसरं. दोन्हींच्या मधे संरक्षण काय, तर कागदासारखं पातळ प्लास्टिक. ते फाटलं आणि लोखंडाचा एक तुकडा दोन्हींना टेकला, तर सेल सगळा करंट एकदम ओकतो. तापतो, फुटतो, पेट घेतो. आठवीच्या पोरांना कळेल अशा भाषेत सांगितलं. आबा सुपारी कातरत ऐकत होते.

"हुशार हाय पोरगी," ते आईला म्हणाले आणि सेल खिशात टाकला.

त्याच आठवड्यात भाडेकरू घरभाडं द्यायला खाली आला. देवाच्या फळीकडं पाहून म्हणाला, "काका, इथे नका हो चार्जिंग करू. कापूर आहे शेजारी. फरशीवर ठेवत जा."

आबा उठले. चार्जर काढला, एक्स्टेन्शन शोधली, आणि पडवीच्या मोकळ्या फरशीवर नेऊन ठेवला. त्याच मिनिटाला. आणि वर आईला म्हणाले, "आगं, त्यो म्हनतोय म्हंजे आसंल कायतरी. रोजचंच काम हाय त्येचं."

"आणि माझं काय काम हाय?" मी विचारलं.

"तुझं साळंचं हाय की."

त्या रात्री मी जेवले नाही म्हटलं तरी चालेल. आईला वाटलं मलाही बरं नाही. काढा मात्र आला नाही.

आता होडीचं सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल एका चार्जरवरून बाई एवढी का जळते. आबांची होडी दोन माणसांची. एकानं वल्हवायचं, एकानं जाळं सोडायचं. दहावीपर्यंत वल्हं माझ्या हातात होतं. पहाटेचं पाणी कसं असतं, टेंभुर्णीच्या टेकाडामागून उजेड कसा येतो, जाळं जड लागलं की आबा कसे गप्प होतात, हे सगळं मला माहीत होतं. मग मला चांगले मार्क पडले आणि आबांनी मला होडीतून उतरवलं. "आता ह्ये न्हाई. आता तू शिकायचं." मी शिकले. त्यांच्याच शब्दाखातर शिकले. त्यानंतर ते एकटेच जायचे, ते मला चालत होतं. पण एका रविवारी सकाळी मी पाण्यावर धुणं घेऊन गेले, तर होडीतल्या माझ्या फळीवर भाडेकरू बसलेला. वल्हं उलटं धरलं होतं त्यानं. आणि आबा हसत होते. मोठ्यानं, पाण्यावरून ऐकू येईल असं.

मी धुणं इतकं आपटलं की एक परकर फाटला.

पोरगा वाईट नव्हता, हेही लिहिते, कारण खोटं लिहायला मला जमत नाही. स्वतःचे सेल तो प्लास्टिकच्या डबीत ठेवायचा, प्रत्येकाला वेगळा खण. तशीच एक नवी डबी त्यानं आबांना दिली. "काका, सेल सुटे खिशात ठेवायचे नाहीत. किल्ल्या, नाणी, काहीही टेकलं तर भडकतात. यात ठेवा." म्हणजे माझंच वाक्य, पुण्याच्या मराठीत.

आबांनी डबी हातात फिरवली. फार आवडली त्यांना. झाकण घट्ट, आत खण. आणि त्यांनी तिच्यात गळ भरले. मासे पकडायचे लोखंडी गळ. "बोटाला टोचत्यात मेले. ब्येस झालं." आणि सेल? ते चंचीत. चंची म्हणजे त्यांची पान-सुपारीची कापडी पिशवी, कप्प्याकप्प्यांची, बंडीच्या आतल्या खिशात असते. तिच्यात पान, कात, चुन्याची पत्र्याची डबी आणि लोखंडी अडकित्ता. सगळ्यांत मौल्यवान वस्तू ठेवायची त्यांची जागा तीच. माझं बारावीचं गुणपत्रकही ते घडी करून महिनाभर चंचीत घेऊन फिरत होते. त्याला चुना लागला होता.

हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं डबीत सेल आहेत. भाडेकरूलाही तेच वाटलं.

मग एका सकाळी आबा आणि भाडेकरू जाळं काढायला निघाले होते. ऊन वर आलं होतं. अंगणात चहा झाला, आबांनी सुपारी कातरली, अडकित्ता चंचीत घातला, चंची खिशात घातली, आणि पुढच्या घरचे चुलते आले म्हणून बोलत उभे राहिले. मी दारात वह्या तपासत होते.

"च्यायला, काय चावतंय," आबा म्हणाले आणि छातीवर हात मारला.

मग वास आला. जळक्या प्लास्टिकचा, आणि त्यात काताचा. बंडीवर तपकिरी डाग उमटला आणि त्यातून धूर निघाला. चुलते ओरडले, "आरं, बिडी टाकलीस का काय खिशात?" भाडेकरू पुढं झाला, "काका, हलू नका, मी काढतो," आणि त्यानं हात खिशाकडं नेला.

"हात घालू नको!" मी वर्गातल्या आवाजात ओरडले. दोघंही थिजले. मी जाऊन आबांची बंडी दोन्ही हातांनी धरली आणि ओढली. बटणं तडातड तुटली. ती तशीच गोळा करून मी खाचरात भिरकावली, भात काढून झालेल्या मोकळ्या चिखलात. पडता पडता फुस्स झालं, मग पांढरा लोट, मग बोटभर जाळ. आई देवाचं नाव घेत बाहेर आली. थोडं शांत झाल्यावर भाडेकरूनं हौदावरची बादली आणून लांबूनच ओतली. मी तोवर आबांना नळाखाली उभं केलं होतं. छातीवर तळहाताएवढं लालभडक झालं होतं. डॉक्टर म्हणाले, बंडी आणखी थोडा वेळ अंगावर राहिली असती तर कातडी गेली असती.

संध्याकाळी बघायला माणसं आली. आबा उघडे, मलम लावून, खुर्चीत बसलेले.

"पोरगं हुतं म्हनून भागलं," ते सांगत होते. "बादली आनून वतली की त्येनं."

मी चहाचा ट्रे घेऊन दारात होते. खरं सांगते, तो ट्रे कुणाच्या डोक्यात घालावा एवढाच विचार होता.

"काका, मी नाही," भाडेकरू म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक होता. "मी हात घालणार होतो. माझाही जळला असता. ताईंनी वाचवलं."

"हिनं?" आबांनी माझ्याकडं पाहिलं. "ही तर वरडत हुती."

सगळे हसले. चुलते म्हणाले, "वरडली म्हनून तर जित्ता हायेस, येड्या. आनि तुला आदी कितीदा सांगितलं हुतं तिनं? माझ्या घरात ऐकू यायचं."

लोक गेल्यावर आबांनी खाचरातून आणलेला अडकित्ता हातात घेतला. पातं निळं-काळं पडलं होतं. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"पुन्यांदा सांग," ते म्हणाले. "त्ये टोकाचं."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी त्यांनी सुपारी कातरली नाही.

डबीतले गळ मी एका बरणीत ओतले. फाटके सेल दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून बाजूला काढले. टाकायचे कुठं ते पुण्यात विचारून येतो म्हणाला पोरगा, ते काम त्याला दिलं. पौडहून नवे, न वापरलेले सेल आणले आणि भरल्यावर थांबणारा चार्जर आणला. आणि नवे सेल डबीत घालून डबी माझ्या पर्समध्ये ठेवली.

जखम सुकल्यावर पहिल्या रविवारी, उजाडायच्या आधी, आबा पडवीत आले. कपाळाला रिकामी बॅटरी.

"सेल दे गं."

"मी घालते. होडीपाशी."

खाली पाण्यावर भाडेकरू आधीच येऊन थांबला होता, आंब्याचा वास सोडत. मी साडी खोचली आणि सरळ माझ्या फळीवर जाऊन बसले.

"आगं, तीन मानसं बसत न्हाईत हिच्यात," आबा म्हणाले.

"म्हाईत हाय. दोगंच जाऊ."

"आनि वल्हं?"

"इकडं द्या."

भाडेकरूनं वल्हं माझ्या हातात दिलं. या वेळी सरळ धरून. मी आबांच्या बॅटरीत सेल घातला, झाकण फिरवलं, आणि उजेड माझ्या तोंडावर पडला. आबांनी जाळं उचललं आणि ते चढले.

बरंच आत गेल्यावर त्यांनी मागं वळून पाहिलं. काठावर एक पांढरा ढग उठला आणि विरला.

"पोराला मागं ठिवलं," ते म्हणाले. "बरं न्हाई वाटत."

मी वल्हं जोरात मारलं. त्यांच्या पाठीवर पाणी उडालं, तसे ते पुढं बघून बसले.