नाव चुकेल त्याचा चहा

जुन्या घड्याळांचा नाद लागलेल्या माणसाला घरात कुणी विचारत नाही. वेळ बघायला मोबाइल आहे, भिंतीवर बॅटरीचं घड्याळ आहे, आणि आमच्या सासूबाई सकाळी उठून आधी एका जुनाट डबीला चावी देत बसतात, असं माझ्या सुनेचं म्हणणं. खरं आहे तिचं. म्हणून तर महिन्यातून एका रविवारी मी सांगलीहून एसटी पकडते आणि कऱ्हाडला जाते. स्टँडजवळच्या एका हॉटेलात कोपऱ्यातलं टेबल आमचं. तिथे मला कुणी वेडी म्हणत नाही, कारण बाकीचे तिघे माझ्याहून वेडे आहेत.

एक तासगावचे बेदाण्याचे व्यापारी. एक पाचगणीचे सर, बोर्डिंगच्या शाळेत फ्रेंच शिकवून रिटायर झालेले. आणि तिसरे रहिमतपूरकडचे फौजी, सुभेदार होऊन घरी आलेले, आता ऊस आणि घड्याळं दोन्ही सांभाळतात. मी मुलींच्या शाळेत गणित शिकवलं, म्हणून तिघांच्याही तोंडी मी 'बाई'. आवाज अजून वर्गातलाच आहे. शेवटच्या बाकापर्यंत पोचतो, त्याला मी तरी काय करू?

या टेबलावर बरंच शिकले. मनगटावर असताना घड्याळाला चावी देऊ नये, दांडी वाकते. चावी बोटांना अडली की थांबावं, आणखी जोर करू नये. रात्री उशिरा तारीख बदलायला जाऊ नये, आतले दाते दुखावतात. आणि तबकडी कितीही डागाळली तरी ती नव्याने रंगवून घेऊ नये. व्यापाऱ्यांनी एकदा रंगवून आणली होती मोठ्या हौसेने. मेकअप जास्त झालेल्या नवरीकडे बघून पाहुणे गप्प होतात ना, तसे आम्ही गप्प झालो.

पण खरी भांडणं व्हायची ती नावांवरून. या स्विस घड्याळांची नावं बरेचदा फ्रेंच वळणाची. लिहायची एक, म्हणायची दुसरी. शेवटी टी असेल तर तो गिळायचा, एस असेल तर तोही गिळायचा. सर एकेक नाव असं म्हणायचे की वाटावं, तोंडात गरम बटाटा आहे. मग आमचा नियम झाला. जो घड्याळ टेबलावर ठेवील त्याने त्याचं नाव नीट म्हणायचं; चुकलं, तर सगळ्यांचा चहा त्याच्यावर. व्यापारी घरी आरशासमोर उभे राहून सराव करायचे, हे त्यांच्या बायकोनेच मला फोनवर सांगितलं. सराव मीही करायचे, पण गॅलरीत, दार लावून.

फौजींनी मात्र कधी सराव केला नाही. त्यांचं लाडकं घड्याळ एकच. तरुणपणी कुठल्याशा पोस्टिंगला घेतलेलं, चावीचं, पांढऱ्या तबकडीचं. नाव व्हेर्नो. फौजी ते घड्याळ टेबलावर ठेवायचे, छाती काढायचे आणि म्हणायचे, "वरनाट."

"चूक. टी म्हणायचा नाही," मी.

"आवं बाई, लिवलाय की त्येच्यावर."

"लिहिलाय, पण म्हणायचा नाही."

"म्हणायचा न्हाई तर लिवला कशाला? घड्याळ कुणाचं हाय?"

"तुमचं."

"मग नाव बी मी म्हणीन त्येच."

एवढं झालं की हार मानल्यासारखा हात वर करून ते हॉटेलवाल्याला सांगायचे, "च्या आण रं समद्यास्नी. आन् बाईंच्यात साखर जादा घाल, लय कडू बोलत्यात." मला डायबेटिस. त्यांना ते पक्कं ठाऊक. मी कप पुढे ढकलायचे, ते मिशीत हसायचे. दर महिन्याला हेच, आणि दर महिन्याला माझं डोकं तितकंच तापायचं.

त्या व्हेर्नोच्या तबकडीवर सहाच्या आकड्यापाशी एक पिवळा डाग आहे. सरांनी तो पहिल्यांदा भिंगातून पाहिला तेव्हा त्यांचा श्वासच अडकला. उन्हाने, वयाने तबकडीला असा रंग चढतो, त्यासाठी परदेशातले शौकीन जीव टाकतात, असं बरंच काही ते सांगत होते. फौजींनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सर, हळद हाय ती." त्यांच्या घरी खंडेनवमीला कोयता, ट्रॅक्टर, पाण्याची मोटर यांच्याबरोबर घड्याळाचीही पूजा होते. यांच्याबरोबर फौजेत नोकरी केलीय त्या घड्याळाने, असं त्यांच्या बायकोचं, म्हणजे आमच्या वहिनींचं म्हणणं. एका वर्षी काचेला तडा होता, तेव्हा हळद आत गेली. सरांनी भिंग खाली ठेवलं आणि नाव चुकलेलं नसतानाही त्या दिवसाचा चहा स्वतःच पाजला.

दिवाळी झाली आणि फौजींच्या अंगावरून वारं गेलं. उजवा हात, उजवा पाय आणि जीभ. दवाखान्यातून घरी आले तोवर पाय थोडा उचलायला लागला होता, शब्दही एखादा फुटत होता. डॉक्टरांनी वहिनींना बजावून सांगितलं होतं की त्यांना बोलतं ठेवा, हात हलवत ठेवा. जे परत यायचं ते आत्ताच येईल, नंतर अवघड आहे. फौजींनी दोन्ही सोडून दिलं. व्यायाम नाही, बोलणं नाही. नुसते भिंतीकडे बघत बसायचे.

आम्ही तिघे व्यापाऱ्यांच्या गाडीतून भेटायला गेलो. फौजी सोप्यात कॉटवर बसले होते. घड्याळ फळीवर, बंद पडलेलं. सर म्हणाले, "छान दिसताय." व्यापाऱ्यांनी बेदाण्याची पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली आणि लहान मुलाला विचारावं तसं विचारलं, "खाणार ना?" मीही म्हणाले, "होईल हो सगळं नीट." तो आवाज माझा नव्हताच. कुठून काढला होता कोण जाणे. फौजींनी आमच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

निघताना वहिनी मला मागच्या दाराशी घेऊन गेल्या.

"बाई, येतंय ते गोड बोलतंय. लेक फोन करतोय, त्यो बी बाळाशी बोलल्यागत. परवा कालवणात मीठच न्हवतं, माझ्या हातनं ऱ्हायलं. ह्यांनी मुकाट्यानं खाल्लं. आवं, एरवी घर डोक्यावर घेतलं असतं. ह्यास्नी वाटाया लागलंय, आता आपल्याशी भांडायजोगं बी काय ऱ्हायलं न्हाई." त्या रडत नव्हत्या, चिडल्या होत्या. "तुमी तर भांडत हुता की. तुमी बी आज गोडच बोललासा."

 परतीच्या वाटेवर राग नुसता उकळत होता, आणि तो माझ्यावरच होता की त्या दुखण्यावर, मला कळत नव्हतं. घरी पोचताच मी वहिनींना फोन लावला. म्हटलं, पुढच्या रविवारी व्यापाऱ्यांची गाडी येईल, त्यांना घेऊन कऱ्हाडला या. त्या म्हणाल्या, न्हाई यायचे. मी म्हटलं, त्यांना सांगा, टेबलाला गैरहजेरी चालत नाही, आणि घड्याळ घेऊनच यायचं.

आले. व्यापाऱ्यांनी एका बाजूने धरलं होतं, वहिनींनी दुसऱ्या. खुर्चीत बसायलाच बराच वेळ गेला. हॉटेलवाल्याने स्वतः येऊन टेबल पुसलं. मग कुणी काही सांगायच्या आत फौजींनी डावा हात खिशात घातला, घड्याळ काढलं आणि टेबलावर ठेवलं. तिथे बसलेल्या प्रत्येकाला कळलं की आता काय करायचं असतं.

"असू दे, असू दे," सर घाईघाईने म्हणाले. "आज नियम नको."

फौजींनी ओठ हलवले. एक बाजू उचलत नव्हती. "व," म्हणाले आणि थांबले. कपाळावर घाम आला. वहिनींनी पदराने तो पुसायला हात पुढे केला, तो त्यांनी मानेनेच बाजूला सारला. "वर." परत थांबले. मग सगळा जोर एकवटून, "नाट."

"वा, वा! बरोबर!" सर म्हणाले. व्यापाऱ्यांनी टाळी वाजवली. शेजारच्या टेबलावरची माणसंही हसून बघायला लागली.

मी फौजींकडे बघत होते. टाळी ऐकली आणि त्यांचा चेहरा उतरला, पार उतरला. त्यांनी डाव्या हाताने घड्याळ आपल्याकडे ओढलं आणि परत खिशात घालायला लागले.  या माणसाला नेमकं काय गेल्यासारखं वाटतंय, ते तेव्हा मला स्वच्छ दिसलं.

"चूक," मी म्हणाले. शेवटच्या बाकापर्यंत गेला आवाज. "साफ चूक. टी म्हणायचा नाही. किती वर्षं सांगतेय मी? डोक्यात शिरतच नाही. आजचा चहा तुमच्यावर."

"बाई, अहो," व्यापारी कळवळून म्हणाले. सरांनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. मी बघितलंच नाही त्यांच्याकडे.  मनात म्हटलं, माझं चुकलं असेल तर आजपासून या टेबलाचं तोंड बघायचं नाही.

घड्याळ खिशाच्या तोंडाशीच थांबलं होतं. फौजींनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मग घड्याळ पुन्हा टेबलावर ठेवलं, त्याच्यावर बोट ठेवलं.

"कु... कुणाचं?"

"तुमचं."

"मग," ते म्हणाले. पुढचं येईना. पण बोट घड्याळावर दोनदा आपटलं, त्यातच बाकीचं सगळं आलं.

"ते काही सांगू नका मला. नियम म्हणजे नियम. चहा सांगा."

वहिनींनी पदर तोंडाला लावला होता. फौजींनी डावा हात वर केला, पूर्वी उजवा करायचे तसा. हॉटेलवाला धावत आला आणि खाली वाकून म्हणाला, "सांगा साहेब."

"च्या," फौजी म्हणाले. "समद्या... समद्यास्नी." त्यांनी दम घेतला. मिशीची डावी बाजू हलायला लागली होती. "बाईंच्यात... साखर... जादा."

माझ्यासमोर कप आला. गोडमिट्ट. मी तो पुढे ढकलला नाही. शेवटपर्यंत प्यायले, आणि ते बघत होते.