पेटीवाल्या काकूंचा वन्स मोअर

पेटीवाल्या काकू जुन्या संगीत नाटकांवर कात्री चालवत, पण पदांना हात लावत नसत. हिंदी मुलखातल्या आमच्या शहरात, ब्राह्मणपाऱ्यातल्या मराठी मंडळात गणेशोत्सवाचं नाटक त्यांचंच असे. रात्रभराचं नाटक त्या दोन तासांत बसवत. राजाचा त्यांनी उरल्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या रोलिंग मिलचा मालक केला, दूताच्या हाती मोबाइल दिला. पोरांना मराठी समजे, पण ती उत्तर हिंदीत देत. म्हणून संवाद हिंदीत केले. पदं मूळ मराठीत.

मंडळाच्या अध्यक्षांना हे रुचलं नाही. "मराठी मंडळात हिंदी नाटक काहून, काकू?"

"तुमचा नातू घरी कोन्त्या भाषेत बोलते, भाऊ?" पेटीवरची बोटं न थांबवता काकूंनी विचारलं.

रेकॉर्ड केलेलं गाणं काकूंना चालत नसे. प्रेक्षकांतून 'वन्स मोअर' आला की पद पुन्हा म्हणायचं, आणि वेगळ्या अंगानं. एका मुलीनं ते जसंच्या तसं म्हटलं, तेव्हा विंगेत आल्यावर त्या तिला म्हणाल्या, "तेच द्याचं होतं, तर लोकायनं मागितलं काहून?"

गाणाऱ्या मुली लग्न आणि नोकऱ्यांसाठी शहराबाहेर गेल्या. गेल्या वर्षी नायिकेसाठी उरली ती श्रुती. पंडरीतल्या कापडाच्या दुकानात कामाला. अभिनय चांगला, सूर नाही. काकूंनी उन्हाळाभर तिच्याकडून एकच पद घोटून घेतलं. शेवटी तीच म्हणाली, "काकू, मुझसे नहीं होगा. आप गाकर रिकॉर्ड कर दो, मैं होंठ हिला लूँगी."

काकूंनी ते पद तिच्याकडून आणखी एकदा म्हणवून घेतलं. मग म्हणाल्या, "हव. नाटक बंद पडाले नको."

रेकॉर्डिंगला मी हजर होतो. काकूंना तेव्हा दम लागत असे; प्रयोगात विंगेतून सलग गाणं झेपलं नसतं. पहिल्याच पदात, दुसऱ्या ओळीवर त्यांचा श्वास तुटला. पुन्हा घेऊ म्हटलं, तर नको म्हणाल्या. सगळी पदं म्हणून झाल्यावर त्यांनी पेटीचा भाता लावला.

"यंदा नाटक बसवलं नाही मी," त्या म्हणाल्या. "उणं झाकलं."

गणपती बसायच्या आधीच त्या गेल्या.

प्रयोग ठरल्याप्रमाणे झाला. श्रुतीचे ओठ बरोबर हलले. पहिलं पद संपताच अध्यक्षांनी सवयीनं 'वन्स मोअर' दिला. ध्वनियंत्रणेवरच्या माणसानं तेच पद पुन्हा लावलं. दुसऱ्या ओळीवर श्वास त्याच जागी तुटला.

पुढे आणखी पदं होती. कोणी काही मागितलं नाही.