बानूभाबीने ठरवलेला पगार

आखातातल्या करामा वस्तीत एका मागच्या गल्लीत बानूभाबीची खाणावळ आहे. बानू मूळची श्रीवर्धनची. गल्ल्यावर तिचा नवरा हमदुल्ला बसतो, पण हुकूम चालतो तो बानूचा. एखाद्या गिऱ्हाइकाने ताटात भात टाकला, तर ती त्याच्या डोक्याशी येऊन उभी राहते आणि तो संपवेपर्यंत हलत नाही. रोजचा माणूस दोन दिवस दिसला नाही, तर तिसऱ्या दिवशी त्याला तिचा फोन जातो.

त्या वर्षी बातमी आली, की इथल्या नागरिकांचा खासगी नोकरीतला किमान पगार वाढणार. जेवणाऱ्यांमध्ये दुसरा विषयच नव्हता. आज त्यांचा वाढला, उद्या आपलाही वाढेल, असं एकजण म्हणाला. हमदुल्लाने त्याला समजावलं, की हबीबी, ते त्यांच्यापुरतं आहे, आपली गोष्ट खलास. बानू आत कांदा चिरत ऐकत होती.

त्याच सुमारास अक्रम बहिणीच्या लग्नासाठी महाडला गेला. अक्रम म्हणजे भांडी घासणारा, चाळिशीचा, अबोल माणूस. बदली माणूस मिळेना, तेव्हा बानूने पदर खोचला. जन्मभर घरची भांडी घासलीच की, त्यात काय, असं तिला वाटलं. पण बिर्याणीचा डेग काही घरचं पातेलं नव्हे. मोरीच्या कोपऱ्यात एसीची हवा पोचत नव्हती, साबणाच्या पाण्याने बोटं चिरली आणि कंबर तर सरळ होईना. मुलगी अरफा ऑफिसातून आली, तर आई हाताला खोबरेल चोळत बसलेली.

“अम्मी, प्लीज स्टॉप. जस्ट हायर समवन.”

“तुझा तो समवन कोण असतो, ते मला आता कळलंय,” बानू म्हणाली.

अक्रम परतला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या चहाला तिने नवऱ्याला सांगून टाकलं, की आपल्या भटारखान्यात यापुढे कुणालाही दीड हजार दिरहमच्या खाली पगार नाही. हमदुल्लाने मनात हिशोब केला, म्हणजे आपले छत्तीस-एक हजार रुपये. त्याने भाडं सांगितलं, गॅस सांगितला, सुरमईचा भाव सांगितला. शेवटी म्हणाला, “सरकारने तरी कुठे सांगितलंय आपल्याला?”

“सरकार काय आपला डेग घासायला येणार आहे? आपलं आपणच ठरवायचं.”

थाळी दोन दिरहमने महागली. गिऱ्हाइकांनी तोंडं वाकडी केली, पण बानूने त्यांना जास्तीची भाकरी वाढून गप्प केलं. खरं दुखणं निघालं ते वेगळ्याच ठिकाणी. रत्नागिरीचा खैरुद्दीन तिचा मुख्य आचारी, फार वर्षांचा. तो एकाएकी घुम्यासारखा वागू लागला. कालवण कधी खारट, कधी अळणी. बानूने दुपारी त्याला समोर बसवलं आणि काय झालं ते विचारलं.

“भाबी, अक्रमला मिळालं त्याचं मला वाईट नाही वाटत,” तो म्हणाला. “पण मीसुद्धा इथे मोरीपासूनच सुरुवात केली होती. चुलीपर्यंत यायला माझी उमर गेली. आता त्याच्यात आणि माझ्यात अंतर किती उरलं?”

हे बानूच्या ध्यानातच आलं नव्हतं. “तुझं खरं आहे,” ती म्हणाली. “मी मोरीत उभी राहिले, म्हणून मला मोरी दिसली. तुझ्या जागी उभी राहिलेच नाही.”

दोघांचे पगार एकदम वाढवणं जमणारं नव्हतं. रमजान होईपर्यंत थांब, असं तिने विनवलं. पण लांबच्या रुवैस गावातल्या एका कँटीनमधून खैरुद्दीनला बोलावणं आलं होतं आणि तो गेला. बानूने त्याला घरचा मसाला बांधून दिला, लाजू नकोस, पोटासाठी जातोयस म्हणाली, आणि तो वळणाआड झाल्यावर पदराने डोळे पुसले.

मग चूल तिने स्वतः हातात घेतली आणि अक्रमला शेजारी उभं केलं. सुरुवातीला भात करपला, काही जण समोरच्या हॉटेलात जेवू लागले. हमदुल्लाने मात्र ‘मी सांगत होतो’ असं एकदाही म्हटलं नाही. संध्याकाळी गल्ला अरफावर सोडून तो गॉगल लावून आत कांदे चिरायला बसायचा. त्या ध्यानाकडे बघून बानूला हसू आवरत नसे.

ईदनंतर जम बसला. आचाऱ्याचा पगार वाढवून बानूने आधी खैरुद्दीनलाच फोन केला. त्याने मोकळेपणाने सांगितलं, की इथे खोली चांगली आहे, बायकोलाही आणायचा विचार आहे, आता परत येणार नाही. मग तो पगार अक्रमला मिळाला आणि मोरीवर नवा माणूस आला, तोही दीड हजारावरच.

मध्यंतरी खैरुद्दीन सुट्टीत येऊन जेवून गेला. दोनदा कालवण मागून घेतलं आणि जाताना म्हणाला, भाबी, आमसूल कमी पडतंय. बानूला राग आला, ती संध्याकाळपर्यंत फुगून होती. मग तिने अक्रमला दोन आमसुलं जास्त टाकायला सांगितली, आणि हे रुवैसला कळता कामा नये, अशी ताकीदही दिली.